गच्चीवरचं विमान आणि पोलादपूरची दरी

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचा हा लिखित मजकूर. ज्यांना ऐकायला जमत नाही किंवा गाडीत रेंज जाते, त्यांच्यासाठी. बोलण्यातले ‘अं’ आणि ‘म्हणजे’ कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा भाग एका व्हॉइस नोटमुळे होतोय. नोट महाडची आहे. पाठवणारा मुलगा आयटीआयला फिटर ट्रेड शिकतोय, मामाचं एमआयडीसीच्या बाजूला फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, सुट्टीत तिथे वेल्डिंग करतो. तो विचारतो, “दादा, घरी विमान बनवता येतं का? वर पंख असलेलं, दोन सीटचं. आणि बनवलं तर पोलादपूरवरून महाबळेश्वरला उडत जाता येईल का? २०२१ च्या पुरात आमच्याकडचे सगळे रस्ते बंद होते, तेव्हापासून डोक्यात आहे.”

प्रश्न ऐकून मला बरं वाटलं. कारण त्याने ‘विमान’ एवढंच नाही विचारलं, ‘वर पंख असलेलं’ असं विचारलं. म्हणजे पोराने काहीतरी बघितलंय, त्यावर विचार केलाय. तर याचं उत्तर आज नीट देऊ. बनवता येतं का, याचं उत्तर हो आहे. महाबळेश्वरला जाता येईल का, याचं उत्तर जरा लांब आहे, ते मधे येईल.

आधी, बनवता येतं हे कशावरून? तर आपल्याच माणसावरून. कॅप्टन अमोल यादव. मूळचे साताऱ्याकडचे, म्हणजे पोलादपूरवरून घाट चढला की पलीकडचा जिल्हा. तेव्हा एअरलाइनमध्ये पायलट होते. त्यांनी मुंबईत, कांदिवलीच्या चारकोपमध्ये, स्वतःच्या राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा सीटचं विमान बांधलं. हो, गच्चीवर. आपल्यापैकी निम्म्यांचे काका-मामा मुंबईत असल्याच इमारतींत राहतात, त्यामुळे डोळ्यासमोर आणा. जिथे पापड वाळतात, पाण्याची टाकी असते, तिथे पत्रा कापणं, रिव्हेट मारणं चाललंय. त्याआधीचे दोन प्रयत्न फसले होते. हे तिसरं. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईत बीकेसीला ‘मेक इन इंडिया’चा आठवडा झाला, तेव्हा ते विमान क्रेनने गच्चीवरून खाली उतरवलं आणि तिथे मांडलं. सगळ्या चॅनलवर बातमी.

आता पुढच्या तारखा ऐका, कारण खरी गोष्ट तिथे आहे. विमान लोकांना दिसलं फेब्रुवारी २०१६ ला. त्याची नोंदणी झाली, म्हणजे शेपटीवर व्हीटी-एनएमडी असा नंबर अधिकृतपणे आला, नोव्हेंबर २०१७ मध्ये. नोंदणीसाठीची धडपड २०११ पासूनची होती आणि मधल्या काळात नियमच बदलले होते. उडवायची परवानगी मिळाली ऑक्टोबर २०१९ मध्ये. आणि धुळ्याच्या धावपट्टीवर ते हवेत गेलं ऑगस्ट २०२० मध्ये. तयार दिसणारं विमान आणि उडालेलं विमान, या दोघांच्या मधे साडेचार वर्षं.

या साडेचार वर्षांवर आपल्याकडे दोनच प्रकारे बोललं जातं. एक, सरकार कसं अडवतं. दुसरं, मराठी माणसाची जिद्द. दोन्हीत तथ्य आहे. माणसाने कागदासाठी इतकं थांबावं हे चांगलं नाहीच, आणि नियम मधेच बदलत असतील तर राग येणारच. पण मला तिसरी बाजू सांगायचीय. घरी विमान बनवणं म्हणजे अर्धं काम बांधायचं आणि अर्धं तपासायचं. हे दुसरं अर्धं काम व्हिडिओत दिसत नाही. कारण त्यात बघण्यासारखं काही नसतं. माणूस वजनकाटे लावतोय, वहीत लिहितोय, नट पुन्हा एकदा तपासतोय. याला व्ह्यूज येत नाहीत.

आणि ते सोडलं तर काय होतं हे आपल्या महाराष्ट्रात घडलंय. ऑगस्ट २०२१. यवतमाळ जिल्ह्यात महागाव तालुक्यातलं फुलसावंगी गाव. तिथला चोवीस वर्षांचा एक तरुण. वेल्डिंगची, पत्र्याची कामं करणारा, फार शिकलेला नाही, पण हात सोन्याचे. व्हिडिओ बघून शिकत त्याने एका माणसाचं हेलिकॉप्टर बांधलं होतं. रात्री तो जमिनीवरच इंजिन चालवून चाचणी घेत होता. मागचा छोटा पंखा तुटला, तो वरच्या मोठ्या पंख्यावर आदळला आणि ते पातं त्याच्या डोक्याला लागलं. गेला तो. जमीनसुद्धा न सोडता.

मी त्याचं नाव घेत नाही, त्याच्या घरच्यांसाठी. पण त्या बातमीखालच्या कमेंट्स मला आठवतात. आदल्या दिवसापर्यंत हेच लोक ‘देसी जुगाड’ म्हणून शेअर करत असणार. हा शब्द मला या कामात नको वाटतो. पंपाला जुगाड चालतो, ट्रॉलीला चालतो, तुटला तर आपण खाली उतरून बघतो. जी वस्तू फिरते तिला नाही चालत. साधा हिशेब करू. लहान विमानाचा प्रोपेलर समजा १.७ मीटरचा आहे, मिनिटाला २३०० फेरे मारतोय. त्याच्या टोकाचा वेग काढा. ताशी सातशे किलोमीटरच्या वर जातो! उभ्या विमानात! म्हणून ज्यांना हे काम कळतं ते इंजिन पहिल्यांदा चालू करताना विमान मागून दोरखंडाने बांधतात, चाकांना अडण लावतात, आणि पातं ज्या रेषेत फिरतं त्या रेषेत माणूस सोडा, कुत्रंही उभं राहू देत नाहीत.

बरं, आता ‘वर पंख’ या मुद्द्यावर येऊ.

पंख वर असलेलं विमान आपल्याला परकं नाही. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, ते ‘पुस मॉथ’ विमान वर पंखवालंच होतं. जुहूची धावपट्टी तेव्हा मातीची, पावसाळ्यात चिखल, म्हणून पावसात त्यांची विमानसेवा पुण्याहून चालायची. नंतर १९५८ मध्ये बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टने ‘पुष्पक’ उडवलं. दोन सीट, ९० हॉर्सपॉवरचं इंजिन, लोखंडी नळ्यांचा सांगाडा, त्यावर कापड. देशभरातल्या फ्लाइंग क्लबांत कित्येक पायलट त्याच्यावर शिकले. तेही वर पंखवालं.

घरी बांधणारे पुष्कळ जण हाच प्रकार का निवडतात? आमच्या फिटर मित्राला हे लगेच कळेल. कौलारू घराची कैची डोळ्यासमोर आणा. आडवी तुळई, तिरका आधार, त्रिकोण. त्रिकोण वाकत नाही. वरच्या पंखाला खालून, विमानाच्या पोटापासून एक तिरकी दांडी जाते, तिला स्ट्रट म्हणतात. उडताना पंखाला वर उचललं जातं आणि ही दांडी त्याला खाली ओढून धरते. त्यामुळे पंखाच्या आतली मुख्य तुळई, म्हणजे स्पार, हलकी केली तरी भागतं. आणि स्पार हा घरगुती विमानातला सगळ्यात नाजूक विषय, तिथे सोपेपणा मिळाला तर हवाच. दुसरं, पेट्रोलची टाकी पंखात, म्हणजे इंजिनाच्या वर. पेट्रोल आपोआप खाली येतं, पंपावर जीव टांगलेला नाही. तिसरं, गवत, दगड, शेताचा बांध पंखाला लागत नाही. चौथं, खालचं सगळं दिसतं. नदी कुठे, रस्ता कुठे, स्वच्छ.

तोटाही आहे. वळताना ज्या बाजूला वळायचं त्या बाजूचा पंख खाली येतो आणि नेमकी तीच बाजू झाकली जाते. म्हणून वळायच्या आधी मान वाकवून त्या बाजूला बघून घ्यायची सवय लावावी लागते. आणि एक गैरसमज. पुष्कळ लोक सांगतात की वर पंख म्हणजे वजन खाली लटकतं, लंबकासारखं, म्हणून विमान आपोआप स्थिर. तसं नसतं. विमान एका बाजूला कलून घसरायला लागलं की पोटाभोवतीची हवा वळसा घेऊन पंखाला सरळ करायला मदत करते. काम हवा करते, लटकणं नाही.

आता वजन आणि वेग. एक कल्पनेतलं विमान घेऊ. माणसं आणि पेट्रोलसकट ४५० किलो, पंखाचं क्षेत्रफळ १२ चौरस मीटर. साधा, चांगला पंख धरला तर हे विमान ताशी साधारण ७३ किलोमीटरच्या खाली हवेत टिकत नाही. त्या वेगाला स्टॉलचा वेग म्हणतात. स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणं नाही हं, गाडीमुळे आपल्याला तसं वाटतं. इंजिन मस्त चालू असतं, पण पंखावरची हवा सुटते आणि पंख उचलणं सोडून देतो. ७३ म्हणजे हायवेवर एसटी जाते तेवढा वेग. काय मोठं, असं वाटेल. पण हेच विमान ६० अंशांत कलवून जोरात वळवलं तर तो आकडा १०३ वर जातो. म्हणजे ताशी ९० ने आरामात चाललेलं विमान, वळलं की खाली. उतरायच्या आधीच्या शेवटच्या वळणावर, जमिनीपासून थोड्याच उंचीवर, पायलट ‘अरे रनवे निसटतोय’ म्हणून वळण घट्ट करतो, आणि जगभरातले कितीतरी अपघात तिथे होतात. बांधणाऱ्याला हे माहीत हवं, कारण पहिल्या उड्डाणात तो विमान ऐकत बसलेला असतो. कुठून आवाज येतोय, काय हलतंय. आणि वेगाकडे लक्ष राहत नाही.

पंख मजबूत आहे हे कसं कळणार? डोळ्यांनी नाही कळत. पंख उलटा करून टेकूवर बसवायचा आणि त्यावर गोण्या रचायच्या. उलटा का? कारण हवेत जोर खालून वर येतो. आपल्या ४५० किलोच्या विमानाला ३.८ पट जोर सोसायचा असेल तर दोन्ही पंख मिळून १७१० किलो. म्हणजे ५० किलोच्या भाताच्या गोण्या ३४. मुळाकडे जास्त, टोकाकडे कमी. त्यावर दीडपट सुरक्षितता धरली तर ५१ गोण्या. गोणी ठेवायची, टोक किती मिलिमीटर वाकलं ते लिहायचं, पुढची ठेवायची. गोण्या काढल्यावर पंख पुन्हा जागेवर आला का ते बघायचं. नाही आला तर धातू कायमचा वाकलाय, तो पंख भंगारात. दोन वर्षांचं काम भंगारात टाकायची तयारी हवी. अवघड आहे. पण गोदामात तुटलेला पंख स्वस्त पडतो.

तसंच तोलाचं. खांद्यावरची कावड मागे जड झाली की माणूस कसा अडखळतो? विमानाचं तेच. तिन्ही चाकांखाली वजनकाटे ठेवायचे, पेट्रोल कमी-जास्त करून, माणूस एक-दोन बसवून, प्रत्येक वेळी तोल कुठे येतो ते काढायचं. तोल फार मागे गेला तर विमानाचं नाक वर जातं, स्टॉल होतो आणि त्यातून सावरता येत नाही, कितीही भारी पायलट असू दे.

वेल्डिंग येतं म्हणालास. उत्तम. पण हार्डवेअरच्या दुकानातला बोल्ट विमानात नाही चालत. बोल्ट कुठल्या पोलादाचा, किती ताण सोसतो याचा कागद नसेल तर तो बोल्ट आपल्यासाठी नाहीच. ॲल्युमिनिअमचंही तसंच, ज्या पत्र्यावर ग्रेडचा शिक्का नाही तो भांड्यांसाठी ठीक. आणि बाईकचं इंजिन. बाईक शंभरच्या वेगाने किती वेळ पळते? सिग्नल येतो, घाट येतो, ॲक्सिलरेटर सुटतो. विमानाचं इंजिन तासन्‌तास पाऊण ताकदीवर चालतं. रोटॅक्स ९१२ सारख्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग आणि इग्निशनच्या दोन वेगळ्या व्यवस्था असतात, एक गेली तरी दुसरी. असं नवीन इंजिन एकटंच चांगल्या चारचाकीच्या किमतीला जातं. वर आपल्या महाड-पोलादपूरचा पाऊस, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे. चार महिने दमट हवेत लोखंडी नळी आतून गंजते, बाहेरून रंग चकचकीत.

इथे कुणीतरी कमेंटमध्ये शिवकर बापूजी तळपदे यांचं नाव काढणार, म्हणून आधीच बोलतो. १८९५ मध्ये चौपाटीवर त्यांनी विमान उडवलं ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय. त्याला त्या काळातला भक्कम पुरावा नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्र’ ग्रंथाचं नाव त्यासोबत येतं, तो बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी १९७४ मध्ये तपासला आणि त्यातली विमानं उडण्याजोगी नाहीत असं दाखवून दिलं. गोष्ट म्हणून ऐका, नकाशा म्हणून नको.

राइट बंधू सायकलचे दुकानदार होते, हे सगळे सांगतात. ते काय करत होते हे कमी जण सांगतात. १९०० मध्ये त्यांनी आपलं यंत्र आधी पतंगासारखं दोरीने उडवलं. १९०१ मध्ये दुकानातच हवेचा बोगदा बनवून जवळजवळ दोनशे प्रकारचे छोटे पंख तपासले. १९०२ मध्ये बिनइंजिनाच्या ग्लायडरवर वाळूच्या टेकडीवरून शेकडो वेळा झेप घेतली. इंजिन आलं १९०३ ला, सगळ्यात शेवटी. आपल्याकडचा प्रत्येक ‘घरी बनवलं विमान’ व्हिडिओ इंजिनापासून सुरू होतो. आवाज येतो ना!

आणि नुसता नकाशा छापील असला म्हणजे झालं असंही नाही. फ्रान्समध्ये ऑन्री मिन्ये नावाच्या माणसाने १९३३ मध्ये ‘आकाशातली पिसू’ असं गमतीचं नाव असलेलं छोटं विमान उडवलं, एकामागे एक दोन पंखांचं. पुस्तक काढलं, कुणीही घरी बांधा म्हणाला. फ्रान्स-इंग्लंडमध्ये लोकांनी धडाधड बांधलं. मग काही विमानं नाक खाली करून सूर मारायची आणि वर यायचीच नाहीत. माणसं गेली. शेवटी अख्खं विमान मोठ्या हवेच्या बोगद्यात ठेवून बघितलं तेव्हा कळलं की एका ठराविक कोनापलीकडे दोन्ही पंख मिळून विमानाला आणखी खाली ढकलतात. मिन्ये स्वतः छान उडवत होता. त्याला तो कोन लागलाच नव्हता.

अमेरिकेत आज घरी बांधलेली नोंदणीकृत विमानं तीस हजारांच्या वर आहेत. तिथला नियम असा, की अर्ध्याहून जास्त काम तू स्वतः, शिकण्यासाठी किंवा हौसेसाठी केलेलं हवं. आणि मग पहिले २५ किंवा ४० तास ठरवून दिलेल्या भागातच, वस्तीपासून दूर उडवायचं, मित्राला शेजारी बसवून चक्कर मारायची नाही. आपल्याकडे हे सगळं डीजीसीएच्या हातात. नोंदणी, उडवायची परवानगी, तुझं स्वतःचं लायसन, आणि कुठून उडणार ती जागा, चारही लागतात. परवानगीशिवाय उडवलं तर तो गुन्हा आहे, आणि गावकऱ्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणून तो कमी होत नाही.

केरळमधल्या इडुक्की जिल्ह्यातल्या साजी थॉमस यांचं उदाहरण मला म्हणूनच आवडतं. ऐकू येत नाही, बोलता येत नाही, शाळा सातवीनंतर सुटली. लहानपणी रबराच्या मळ्यावर फवारणी करणारी हेलिकॉप्टरं बघितली आणि डोक्यात बसलं. त्यांनी वर पंखाचं, दोन सीटचं हलकं विमान बांधलं. पण २०१४ मध्ये ते उडवून बघितलं कुणी? हवाई दलातून निवृत्त झालेल्या, असली विमानं शिकवणाऱ्या पायलटने. इतक्या वर्षांचं स्वप्न, आणि पहिल्या उड्डाणाला चावी दुसऱ्याच्या हातात दिली. मला ते विमान बांधण्यापेक्षा अवघड वाटतं.

आता पोलादपूर ते महाबळेश्वर. आंबेनळी घाटाने आपण वळणं मोजत जातो, ते सरळ रेषेत वीस-एकवीस किलोमीटर आहे. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण १३५० मीटर उंच, पोलादपूर अगदी तळाशी. म्हणजे जवळजवळ १३०० मीटर चढायचं. आपलं छोटं विमान सेकंदाला ३ मीटर चढतं असं धरू. सात मिनिटांच्या वर लागतील. ताशी ११० ने तेवढ्या वेळात तेरा-साडेतेरा किलोमीटर जाऊ. कागदावर जमतंय, सहा-सात किलोमीटर हातात राहतात.

पण वाऱ्याचं काय? वारा देशावरून कोकणाकडे वाहत असेल, हिवाळ्यात तसा वाहतो, तर तो कड्यावरून पाण्यासारखा खाली ओतला जातो. सेकंदाला ३ मीटर खाली येणारी हवा काही मोठी गोष्ट नाही. तू ३ ने चढतोयस, हवा ३ ने उतरतेय. इंजिन पूर्ण ताकदीवर, नाक वर, आणि विमान आहे तिथेच. समोर कडा. मग वळायचं म्हणशील. ताशी १२० ने, ३० अंश कलून अर्धं वळण घ्यायला चारशे मीटर रुंदी लागते. दरी वर जाताना अरुंद होत जाते, तेव्हा ती चारशे मीटर आहे का हे आत शिरायच्या आधी माहीत हवं. घट्ट वळलास तर मघाचा १०३ चा आकडा आठव. म्हणून डोंगरात उडवणारे दरीच्या मधोमध जात नाहीत, एका कडेने जातात, म्हणजे वळायला अख्खी दरी शिल्लक राहते. आणि उंची आधी घेतात, मोकळ्या जागेत, गोल गोल फिरून. आपल्याकडच्या घारी हेच करतात. घार कधी थेट कड्याकडे चढत जाताना बघितलीयस?

आणि पुराचं म्हणालास. २२ जुलै २०२१, तळियेवर दरड कोसळली तो दिवस. महाड पाण्यात, रस्ते बंद. तेव्हा पोलादपूर-रायगड भागाच्या पाहणीला नौदलाचं हेलिकॉप्टर पाठवलं होतं. ढग कड्याला टेकलेले, पाऊस असा की समोरचं घर दिसत नाही, त्यात ४५० किलोचं विमान काही कामाचं नाही रे. तुझी इच्छा खरी आहे, ते मला कळतंय. पण त्या दिवशी तू उडाला असतास तर शोधायला आणखी एक माणूस वाढला असता. पाऊस उघडल्यावर वरून फोटो काढायचे, कुठली वाडी तुटलीय ते बघायचं, हे आता ड्रोन करतं. आणि लायसन घेऊन ड्रोन चालवायला शिकणं तुला याच वर्षी जमेल.

विमानाचंच वेड असेल तर मी तुझ्या जागी काय केलं असतं? आधी थर्माकोलचं दोन मीटरचं रिमोटवालं विमान, वर पंखाचं, किट न आणता स्वतः काढलेल्या मापाचं. तोल मागे सरकवून ते पडताना बघ, हजार रुपयांत जे कळेल ते पुस्तकात कळत नाही. मग पुण्यात हडपसरला ग्लायडिंग सेंटर आहे, तिथे चौकशी कर. बिनइंजिनाचं विमान पहिल्या मिनिटापासून हवा ओळखायला शिकवतं. मामाच्या वर्कशॉपमध्ये एका पंखाचा एक मीटरचा तुकडा बनव, स्पार, फासळ्या, रिव्हेट सगळं रीतसर, आणि गोण्या रचून तोड. मुद्दाम तोड. कुठे तुटला ते लिहून ठेव, दुसरा बनव. या कामाला परवानगी लागत नाही आणि खरा बिल्डर इथेच कळतो. विमान बांधायचं की नाही हे त्यानंतर ठरव.

आणि बाकीच्यांसाठी एक काम, घरबसल्या. पायलट उडताना सारखा एक प्रश्न मनात ठेवतो, की आत्ता इंजिन बंद पडलं तर कुठे उतरू? आपलं कल्पनेतलं विमान इंजिन बंद पडल्यावर एक मीटर खाली येताना नऊ मीटर पुढे जातं असं धरा. पाचशे मीटर उंचीवर असाल तर साडेचार किलोमीटर हातात आहेत, समोरून वारा असेल तर त्याहून कमी. तर फोनवर सॅटेलाइट नकाशा उघडा, आपल्या गावावर बोट ठेवा, साडेचार किलोमीटरच्या आत चारशे मीटर सरळ, सपाट जागा शोधा. विजेची तार नको, वस्ती नको. पोलादपूर बाजूवाल्यांना घाम फुटेल, खाचरं उतरती आणि दर वीस पावलांवर बांध. महाडकडे सावित्रीच्या काठाने थोडं सोपं आहे. हायवे म्हणाल तर डिव्हायडर आणि ट्रक मोजून घ्या. आणि एकच जागा दोनदा बघा, एकदा मे महिना धरून, एकदा जुलै. जागा सापडली तर स्क्रीनशॉट काढून पाठवा, पुढच्या भागात एकेक घेऊन बोलू.